फियाटचं डावं दार

“एवढं एकच दार करा, हरिभाऊ. बाकी गाडी खडखडली तरी चालेल,” हिरा म्हणाली.

हरिश्चंद्रने जुन्या फियाटचं डावं दार उघडलं. ते सुटलं आणि चार बोटं खाली बसलं. लावताना दोन्ही हातांनी उचलून धरावं लागलं.

“बिजागऱ्या गेल्या. पिना झिजल्यात, भोकं अंड्यासारखी लांबट झालीत.”

“आमचे हे दाराला धरूनच आत बसणार. सगळा भार त्याच्यावर. तेवढा पेलला पाहिजे.”

तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, हातांत बांगड्या होत्या. हरिश्चंद्रने मान खाली घातली आणि बिजागरीवर तेल सोडत बसला.

गेल्या वर्षीच्या वादळात तिच्या नवऱ्याची, शिवाची, बोट बुडाली होती. बाकीचे खलाशी फळ्यांना धरून किनाऱ्याला लागले. शिवा आला नाही. हिराच्या दारातली रडारड हरिश्चंद्रने स्वतः पाहिली होती. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचं, सगुणाचं, दुखणं निघालं, आणि त्याचं खाली मिरकरवाडा बंदरावर उतरणं सुटलं ते सुटलंच. घर, पडवीतलं गॅरेज आणि सगुणा, एवढंच जग राहिलं.

“वैनींना चिंबोऱ्या आणल्यात.” हिराने डबा पायरीवर ठेवला. मग घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “वैनी, येते हो!”

दुपारी हरिश्चंद्रने दोन ताटं वाढली. चिंबोऱ्या सगुणाच्या जिवाभावाच्या, पण तिने हात लावला नाही. हल्ली तिला जेवण जातच नसे. त्याने तिला हिराचं सगळं सांगितलं.

“सांगू का गो तिला? शिवा आता यायचा नाही म्हणून?”

सगुणा काही बोलली नाही. नको म्हणायचं असलं की ती पहिल्यापासून गप्पच बसे. हरिश्चंद्रने तो विषय सोडला.

पिना गंजून धरल्या होत्या. त्याने तेल मुरू दिलं, बिजागऱ्या शेगडीवर तापवल्या, मग पंच लावून एकेक पिन ठोकून काढली. मधोमध झिजून त्यांची कंबर बारीक झाली होती. लेथवाला विनोद मापं घ्यायला स्वतः वर आला. हल्ली तो असाच काहीतरी निमित्त काढून यायचा.

“वायसर टाक आणि दे लावून,” विनोद म्हणाला. “दार उचलेल. भोकांत पितळेचे बुश कशाला, नव्या पिना कशाला?”

“भार यायचाय त्याच्यावर.”

“असा कोण हत्ती बसणार आहे?”

हरिश्चंद्र हसला नाही. बिजागरी पुसत म्हणाला, “विनोद, काही माणसांना पटतच नाही रे, आपलं माणूस गेलं म्हणून.”

विनोद झिजलेली पिन बोटांत फिरवत राहिला. “नाही पटत.”

“मग दुसऱ्याने काय करावं?”

“काय करणार? सांभाळून घ्यायचं.” तो उठला. “वैनीला चहा टाकायला सांग.” मग घराकडे बघून म्हणाला, “नको, असू दे. पिऊनच आलोय.”

बुश झाले. हरिश्चंद्रने ते दाबून बसवले, भोकं घासून नेमकी केली, नव्या पिना हाताने सरकतील एवढ्याच ढिल्या ठेवल्या. दाराखाली जॅक लावला, लाकडाचा ठोकळा दिला, रेषेला रेष मिळवून बोल्ट आवळले. मग दार सताड उघडलं आणि स्वतः त्याला लोंबकळला. दार हललं नाही. एका बोटाने ढकललं तर टक करून बसलं.

काम मनासारखं झालं, पण त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. हिरा येईल, हौसेने हे दार उघडून धरेल, आणि आत बसायला कोणीच नसेल. तेव्हा तिचं काय होईल? बिचारीचा हा एवढा आधार आपल्याच अंगणात तुटणार. न्यायला ये म्हणून सांगायचं तो टाळत राहिला. उगाच ग्रीस भरलं, उगाच दार पुसलं. शेवटी हिरा आपणहून रिक्षा करून आली.

“थांबा ओ, मी धरते,” ती रिक्षात वाकून म्हणाली.

आधी कुबडी बाहेर आली. मग एक पाय. दुसरा गुडघ्याखाली नव्हताच.

हरिश्चंद्रच्या हातातलं फडकं गळून पडलं. “शिवा?”

“काय हरिभाऊ, भूत बघितल्यासारखं करताय?” शिवा हसला. “दुसऱ्या बोटवाल्यांनी उचलला मला. मग ह्या पायापायी मुंबईच्या हॉस्पिटलात सडलो. तुम्ही खाली उतराल तर कळेल ना!”

तो फियाटजवळ आला. कुबडी हिराच्या हातात दिली, दार दोन्ही हातांनी धरलं आणि सगळा भार त्यावर टाकून आत बसला. दार जागचं हललं नाही.

“पेललं गो!” शिवा ओरडला. हिराने तोंडाला पदर लावला.

हरिश्चंद्रला हसू येत होतं आणि रडूही. “मी येडा रे! मला वाटलं...” त्याने शर्टाला हात पुसले. “चला, भगवती बंदरापर्यंत फेरी मारू. मी चालवतो. थांबा, सगुणाला पण आणतो. किती दिवसांत बाहेर पडली नाही ती.”

हिराने शिवाकडे पाहिलं. शिवाने मान डोलावली.

“आणा की,” ती म्हणाली.

हरिश्चंद्र आत गेला आणि सावकाश बाहेर आला. “हळू गो, पायरी आहे,” असं म्हणत, हात पुढे धरून, एकेक पायरी उतरला.

हिराने मागचं दार उघडलं. एक माणूस बसायला लागतो तेवढा वेळ ते धरून ठेवलं.

“वैनी, पदर आत घ्या हां,” ती रिकाम्या सीटला म्हणाली, आणि दार अलगद लावलं.