बाप आल्यावर

जिकराचे गुडघे चालताना एकमेकांना घासायचे. ऑपरेशन करून हाडांना पट्ट्या बसवल्या आणि तिचा बाप सईद कुवेतला गेला. वर्षाने पाय सरळ झाले. जुबेदा लेकीला बघतच राहिली.

डॉक्टर म्हणाले, "आता लगेच पट्ट्या काढा. नाहीतर हाड वाढेल तसे पाय उलटे, बाहेर वाकतील."

सासूने ठणकावलं, "बाप आल्याबिगर पोरीला सुरी लावायची नाय."

सईदची रजा रमजानवरून बकरी ईदवर गेली, तिथून पुढच्या रमजानवर.

अखेर तो अष्टमी गावात, घरी उतरला. जिकरा फेंगडत धावली. दोन्ही गुडघ्यांमध्ये वीतभर फट.

"काय गो जुबेदा, ऑपरेशन करून पण वाकडे ते वाकडेच?"

जुबेदाने तोंड उघडायच्या आत सासू म्हणाली, "तवाच सांगत होते, डॉक्टरच्या नादी लागू नको."