शेवटची पेंढी

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या त्या शेतात शेवटच्या मूठभर ओंब्या उभ्या होत्या आणि कापणाऱ्या बायकांच्या पाठीचे काटे ढिले झाले होते. तरणे पुरुष सगळे लढाईवर. कापणी संपल्याची हाक दरवर्षी त्यांच्यातल्या लव्हडेचा नवरा द्यायचा; वसंतात तो फ्रान्समध्ये मातीआड झाला. “राहू दे गं यंदा,” धाकटी जाऊ म्हणाली, “पाय बोलायला लागलेत.” बांधावरून सासरा खेकसला, “बाईमाणसानं हाक द्यायची नसते!” “मग मामंजी, तुम्ही द्या,” लव्हडे म्हणाली. म्हातारा खोकत राहिला. तिनं ओंब्या कापल्या, पेंढी बांधली, डोक्यावर उंच धरली. नवऱ्यासारखीच ती ओरडली, “सापडली!” “काय सापडलं?” बायकांनी थकल्या आवाजात ठरलेला सवाल केला. “पेंढी!” असं तीनदा झाल्यावर तिनं टेकडीकडे कान लावला. रिवाजाप्रमाणे शेजारच्या शेतातून उत्तर यायला हवं होतं. बराच वेळ आलं नाही. मग टेकडीपलीकडून घोगरी साद आली, तीही बाईचीच.