पहिला टप्पा सुटला

उड्डाणाला दोन मिनिटं उरली असताना टीव्ही बंद पडला.

खोलीतून एकच "अरे!" निघालं. कॅप्टन मात्र हसत उठला. दाराजवळच्या मीटरपेटीतलं पडलेलं बटण त्याने वर केलं आणि स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "राणीसाहेबांनी विजेची किटली लावली वाटतं. बरोबर आहे, रॉकेटपेक्षा कॉफी मोठी!"

सगळे हसले. टर्नरही हसला. राणीसाहेब म्हणजे कॅप्टनची बायको, टर्नरचीच धाकटी बहीण.

कॅप्टन काही खराखुरा कॅप्टन नव्हता, विमा कचेरीत कारकून होता. पण उड्डाणाआधीचे उलटे आकडे तोच खणखणीत आवाजात म्हणायचा, म्हणून हे नाव पडलेलं. त्याचा टीव्ही भिंतभर होता. त्यामुळे कुठेही रॉकेट उडायचं असलं की मंडळी त्याच्याच घरी जमत. आज रविवारी इतक्या सकाळी तिघंच आली होती: निवृत्त मास्तर, बसवरच्या कंडक्टरबाई आणि मेहुणा या नात्याने कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर.

चित्र परत आलं तेव्हा वीस सेकंद उरले होते. कॅप्टनने आकडे धरले. "तीन, दोन, एक!" आगीचा लोळ उठला, खिडकीची तावदानं थरथरली, मास्तरांनी दोन्ही गुडघे घट्ट धरले. रॉकेट ढगात शिरलं.

आणि कॅप्टन उठला. "कॉफीचं बघून येतो."

टर्नरला आज पहिल्यांदाच ते खटकलं. उड्डाण चालू असताना हा माणूस वाजणारा फोनसुद्धा उचलत नसे, पण कॉफीसाठी मात्र दर वेळी याच सुमारास उठायचा.

"रॉकेटवर हवेचा दाब आता सगळ्यात जास्त, बघा!" आतून कॅप्टनची खुशीतली हाक आली.

"न बघता सांगतोय," मास्तर कौतुकाने म्हणाले. "तोंडपाठ आहे गड्याला."

टर्नरने पाण्याचा रिकामा काचेचा जग उचलला आणि तो आत गेला.

कॅप्टनने टर्नरच्या बहिणीला ओट्याशी दाबून धरलं होतं. तिचा गाल ओट्याच्या फरशीला टेकलेला, पाठीत त्याचा कोपर. एका हातात तिची करंगळी. त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता. तो बाहेरच्या टीव्हीकडे कान देऊन उभा होता, सिग्नल पडायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. ती ओरडत नव्हती. तिने हात पुसायचं फडकं दातांत धरलं होतं, आपणहून.

"आणि पहिला टप्पा... सुटला!" कॅप्टन बाहेरच्यांसाठी ओरडला आणि त्याने करंगळी मागे मोडली.

टर्नरचा जन्म लेथवर गेला होता. काय तुटलं ते त्याला आवाजावरून कळायचं.

जग कॅप्टनच्या कानावर फुटला. तो वळला, अजून हसूच होतं तोंडावर. "मेहुणे, तुम्ही कशाला..." पुढचं वाक्य दोन दातांसकट ओट्यावर पडलं. मग कॅप्टनने किटली ओढली आणि उकळतं पाणी फेकलं. टर्नरच्या मानेवर, छातीवर. शर्ट कातडीला चिकटला. टर्नरने त्याचे केस धरून तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. नाक गेलं. तो खाली कोसळला तसा टर्नर त्याच्या छाताडावर बसला आणि ठोसे घालत राहिला. सहाव्या-सातव्या ठोशानंतर कॅप्टनने हात आडवे घालायचं सोडलं. टर्नरने मारायचं सोडलं नाही. मुठीखाली जबडा खिळखिळ्या खणासारखा सरकत होता, आणि त्याला ते बरं वाटत होतं.

"दादा, पुरे," बहीण म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही.

कंडक्टरबाईंनी मागून त्याची भाजलेली मान पकडली आणि खेचली. तो किंचाळला, तेव्हा कुठे थांबला.

"हा मेला तर तू आत जाशील," त्या म्हणाल्या. "मग ही कुणाकडे जाईल?"

मास्तर दारात उभे होते, पांढरेफटक. "नवराबायकोचं प्रकरण आहे, आपण मध्ये..."

कंडक्टरबाईंनी बहिणीचा हात वर धरला. करंगळी मनगटाच्या दिशेला वळलेली होती. "हे बघा मास्तर, आणि मग पुढचं बोला."

मास्तरांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. किती जण जखमी आहेत, असं पलीकडून विचारल्यावर त्यांनी एकेकाकडे बघून मोजलं. "तीन."

बाहेरच्या खोलीत टीव्हीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. ढगातून परतलेला रॉकेटचा पहिला टप्पा आपल्या चार पायांवर जहाजाच्या डेकवर सरळ उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या.

"मी थांबते याच्यापाशी," कंडक्टरबाई म्हणाल्या. "पोलिसांनाही मीच सांगते. तुम्ही दोघं खाली जा."

जिन्याच्या पायरीवर बहीण बसली. एका हाताने तिला सॅन्डलचा पट्टा लागेना. टर्नर गुडघ्यावर बसला, पण त्याची बोटं फुटली होती, त्यालाही लागेना. बराच वेळ तो त्या पट्ट्याशीच झटत राहिला.

"चिमे," खाली बघतच तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं गं."

तिने धडधाकट हाताने त्याची कॉलर भाजलेल्या मानेपासून अलगद दूर धरली, आणि वाकून फुंकर घातली.

"पहिला टप्पा सुटला की दर वेळी तू टाळ्या वाजवायचास, दादा," ती म्हणाली, आणि पुन्हा फुंकर घालू लागली.