इन्सुलिनमुक्त सोसायटी

"इन्सुलिन म्हणजे दुबळ्या मनाचा टेकू!" असं नंदकिशोरांनी खारघरच्या सोसायटीत जाहीर केलं आणि सहा महिन्यांत त्यांच्या नाकात बुरशी उगवली. शुगर पाचशेवर. डॉक्टर म्हणाले, "डावा डोळा आजच काढावा लागेल, नाहीतर बुरशी मेंदू गाठेल." तिथं बुरशीला काय मिळणार, हे त्यांच्या बायकोच्या, वैजयंतीबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी मुकाट्यानं सही केली. त्यांच्या नवऱ्याचं ऐकून बिल्डिंगमधल्या अकरा जणांनी इंजेक्शनं फेकून दिली होती.

"अहो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निदान त्या अकरा जणांना तरी खरं कळवू द्या."

नंदकिशोरांनी बराच विचार केला.

"दाढ काढायला गेलेत म्हणून कळव. आणि ग्रुपवरचा माझा फोटो तेवढा बदलू नकोस. त्यात दोन्ही डोळे छान आलेत."