बुडालेला बर्फ

फ्लास्क दुपारीच गढूळ झालेला पाहून शाल्मलीच्या कपाळावर आठी पडली. एनएमआर यंत्रात मोठं प्रथिन स्पष्ट दिसावं म्हणून ती जीवाणू जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजनच्या महागड्या पाण्यात, वाढवत होती. त्यात ते रडतखडत वाढतात. हे तर चार तासांत माजले होते. म्हणजे कुणीतरी बाटलीतलं जड पाणी लांबवून नळाचं भरलं होतं. सहा आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली होती.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या हेरंबच्या कपाटात तिला बिनलेबलची बाटली सापडली. तिने त्यातलं थोडं गुपचूप बर्फाच्या साच्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिने सगळ्यांना बर्फ घातलेलं पाणी दिलं. सगळ्यांचा बर्फ तरंगत होता, हेरंबचा मात्र तळाला जाऊन बसला. प्रयोगशाळेचे प्रमुख सर चष्मा सावरून त्याच्या पेल्याकडे बघत राहिले.

"पाणी पी हवं तर," शाल्मली गोड आवाजात म्हणाली. "बर्फ तेवढा परत दे."