बंद

पुनर्विकासासाठी झोपड्यांचा सर्व्हे झाला तेव्हा जानकी कुलूप लावून गणपतीला गावी गेली होती. कुलूप बघून सर्व्हेवाल्यांनी यादीत ‘बंद’ लिहिलं. शेजाऱ्यांना बिल्डिंगमध्ये खोल्या मिळाल्या. तिची झोपडी नुसतीच पाडली. तेव्हापासून ती तिच्या जुन्या दारासमोरच्या फुटपाथवर राहते. मुलुंडच्या निवारा केंद्रातली फ्रेडा चौथ्यांदा तिला न्यायला आली. “मावशी, चल ना. पंखा आहे, दोन वेळचं जेवण आहे.” “सर्व्हेवाले फेरतपासणीला येणार आहेत. साहेब म्हणाले, जागेवर हजर राहा.” “कधी म्हणाले?” “दोन वर्षं झाली.” “ते आले की मी तुला लगेच कळवीन.” “तेव्हा शेजारीणपण असंच म्हणाली होती. गणपती आठवड्यावर आलेत गो, हेच त्यांचे दिवस.” जानकीने पिशवीतून घराचं कुलूप काढलं, किल्ली फिरवून उघडलं आणि पुढ्यात ठेवलं. “ह्या वेळी आले तर उघडं दिसायला हवं ना.”