लाइव्ह वर्गातली सुरमई

रविवारी दुपारचे बारा वाजून गेले तरी मीराबाईच्या लाइव्ह वर्गाला नऊच जणी आल्या होत्या. हितेंद्रने मोबाइल स्टँडवर लावला आणि आईला म्हणाला, “आये, बघितलंस? रेकॉर्ड केलेल्या धड्यांना चारशे माणसं आहेत. हे लाइव्ह आजपासून बंद. लोक त्यांच्या वेळेने शिकतात, तुझ्या वेळेला कोण येणार?”

चाळीस वर्षं मीराबाई दादरच्या बाजारात मासळी विकत आली होती. समोर गिऱ्हाईक नसताना वरळी कोळीवाड्यातल्या घरात बसून मोबाइलशी बोलायचं, हे काही तिला जमत नव्हतं. मासे निवडायचे आणि साफ करायचे बारा धडे तिने कसेबसे उरकले होते. लाइव्ह मात्र तिला आवडायचं. बायका आपापला मासा दाखवायच्या, ही त्याला नावं ठेवायची, दटावायची, मधूनच शाबासकी द्यायची. मासा बघितल्याशिवाय शिकवता येत नाही, हे आज पोराला पटवून द्यायचंच, असं ठरवून ती बसली होती.

तिघींचे बांगडे बरे निघाले. चौथी सुरुची. ती परळला राहायची आणि बँकेत होती. बाराही धडे तिने बसमधून जाता-येता पाहिले होते, लाइव्हला मात्र आज पहिल्यांदाच आली होती. तिच्या माहेरी मासा शिजत नसे. आज सासरची सगळी मंडळी तिच्या हातचं कालवण खायला जमली होती.

“मावशी, सुरमई आणलीय.”

“उजेडात धर. आता कल्ले उघड.”

सुरुचीने कल्ले उघडले. आत सगळं तपकिरी आणि चिकट झालं होतं.

मीराबाईने खुशीत हितेंद्रला कोपराने ढोसलं. “बघ. हे तुझा व्हिडिओ सांगेल काय?” मग ती पडद्याकडे वळून कडाडली, “बर्फात पडून सडलीय ती, गो बाय! घरच्यांना घालू नको, पोटं बिघडतील. कोणी मारली तुझ्या गळ्यात? नाव सांग तिचं. नवखी पोर बघून फसवते, लाज नाय वाटत?”

सुरुचीने मासा खाली ठेवला. बाकीच्या आठ जणींनी कान टवकारले.

“सांग गो, घाबरू नको. बाजारात सगळ्या वळखतात मला.”

“तुम्हीच दिलीत, मावशी. सकाळी अकराला.”

मीराबाईने तिचा चेहरा नीट पाहिला. हीच मुलगी सकाळी पाटीसमोर उभी राहून उगीच ओळखीचं हसत होती. रेकॉर्ड केलेल्या धड्यांवर शिकलेली पोर, मीराबाईने तिला ओळखावं तरी कसं? वर्गाला उशीर होत होता, पाटीत शुक्रवारची एक सुरमई उरली होती आणि गिऱ्हाईक अडाणी दिसत होतं.

“मग तू कल्ले नाय बघितलेस?” मीराबाईचा आवाज खाली आला. “धड्यात सांगितलंय ना मी?”

“सांगितलंय. दोनदा ऐकलंय मी. पण तुमच्यासमोर तुमच्याच माशाचे कल्ले कसे उघडायचे? तुम्हीच तर शिकवलंत मला.”

हितेंद्रचा हात मोबाइलकडे गेला. “आये, बंद करतो. नेट गेलं म्हणून सांगू,” तो पुटपुटला.

मीराबाईने त्याचा हात बाजूला सारला. शरमेने तिचे कान तापले होते. उद्या ही गोष्ट बाजारभर होणार, हेही तिला दिसत होतं.

“पोरी, चूक माझी हाय. ती टाकून दे,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “मी ताजी घेऊन येते तुझ्या घरी. दारातच कल्ले उघडून बघ, सासूसमोर. चांगली निघाली तरच मला मावशी म्हण.”